उजव्या हाताची जागा

बस. दिवा राहू दे, मोठा लाइट नको. तू त्या पियानोवाल्या सरांच्या फाइलबद्दल विचारलंस म्हणून सांगते. आपल्या फिजिओथेरपी विभागात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकीला ती फाइल दाखवतात. झटका येऊन हात पूर्ण गेलेला, आणि साडेचार महिन्यांत बोटं पहिल्यासारखी. खाली ‘संपूर्ण सुधारणा’ असा शेरा आहे, ते अक्षर माझं. खोटं नाहीये ते. पण त्या दोन शब्दांत जे मावलं नाही, ते आज हातचं न राखता सांगते.

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना घरी जाऊन उपचार करायला मला त्यांचं घर मिळालं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेतीन. चौथा मजला. लिफ्ट होती, पण ती बहुतेक दिवस तळमजल्यावर दार उघडं टाकून बसलेली असायची. मी जिन्यानंच जायचे.

तेव्हा माझी आई जाऊन तीन महिने झाले होते. मला रडू आलं नव्हतं. दादा फोनवर म्हणायचा, "एकदा मोकळी हो गं, नाहीतर आजारी पडशील." मी "हो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांची यादी लावायला घ्यायचे. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. काम मात्र चोख चालू होतं.

दार काकूंनी उघडलं. सरांची बायको, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चष्मा कपाळावर, बोलणं मोजूनमापून. "चपला आत काढ, बाहेर ठेवल्यास शेजारचं कुत्रं पळवतं," एवढंच म्हणाल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

खोली लहान, पियानो अवाढव्य. आधी पियानो ठेवला आणि मग भोवती भिंती बांधल्या असाव्यात, तसा. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीला जाड पडदा. जुन्या लाकडाचा आणि मलमाचा वास. खुर्चीत सर. चाळीस वर्षं पियानो शिकवलेला माणूस, लांबलचक, कोरडा. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला.

"हा आमचा पाहुणा," डाव्या हातानं उजवा उचलून दाखवत ते म्हणाले. "माझ्याच ताटात जेवतो, माझ्याच अंथरुणात झोपतो, काम म्हणाल तर शून्य. या हाताचं त्या हाताला कळू देऊ नये म्हणतात ना, आमच्याकडे अगदी तंतोतंत पाळलं जातं. डॉक्टरीणबाई, बघा याला कामाला लावता येतं का."

मी हसले. कुठे हसायचं ते मला ठाऊक असतं.

तपासलं. मनगटापुढे हालचाल नाही, संवेदनाही नाही. डोळे मिटायला सांगितले, प्रत्येक बोटावर कापूस फिरवला, बोथट पिन टोचली. "लागलं की सांगा. कुठे लागलं तेही सांगा." सर शांत बसून होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "करा की सुरुवात." मी तोवर संपवून कापूस गुंडाळत होते. मग पेनानं त्यांच्या मनगटाभोवती एक बारीक रेघ काढली. रेघेच्या अलीकडे कळतं, पलीकडे कळत नाही. सुधारणा होत गेली की रेघ बोटांकडे सरकते. माझी जुनी पद्धत आहे ती.

पियानोवर एक स्वरलिपी उघडी होती. बारा पानं, कडा मळलेल्या. सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक आकडे, कोणता सूर कोणत्या बोटानं वाजवायचा त्याचे. अंगठा एक, करंगळी पाच.

"एका रशियन माणसाचं आहे," सर म्हणाले. "अगदी शेवटी शेवटी लिहिलेलं. तोवर त्याला सूर ऐकू येण्यापेक्षा दिसायला लागले होते म्हणे. नऊ मिनिटांचं काम. मी अकरा वर्षं करतोय."

"एवढं अवघड?"

"वेगाचं म्हणाल तर नाही. पण यात हात ठेवायची जागाच अशी, की तिथे माणसाचा हात जात नाही. आणि शेवटी उजव्या हाताची नुसती थरथर. दोन पट्ट्यांवर, वर वर चढत जाणारी. हळू वाजवा, जलद वाजवा असं लिहायचं सोडून हा बाबा सुरांवर भलतंच लिहितो. इथे बघा, ‘अजून जवळ’. इथे, ‘आता मागे वळू नका’."

"आणि शेवटाला काय लिहिलंय?"

"शेवटाला काहीच नाही. मी तिथवर पोचलोही नाही. दहाव्या पानावर होतो, तेव्हा हा पाहुणा झाला."

दारातून काकू म्हणाल्या, "आणि डॉक्टरांनी सांगितलंय, पियानोकडे बघायचंसुद्धा नाही."

"बघत नाही गं. पाठ करूनच बसतो."

पण बसत नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून जिन्यातच ऐकू यायला लागलं. ते एकट्या डाव्या हातानं वाजवत होते. मला संगीतातलं कळत नाही, पण काहीतरी अर्धं आहे एवढं कुणालाही कळलं असतं. जड, खालचे सूर यायचे आणि मग थांबायचे. दमून थांबल्यासारखे नव्हे. समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून माणूस थांबतो, तसे. उजव्या हाताची जागा ते रिकामी सोडत होते, बरोबर तेवढीच. मग पुढचा सूर.

"फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "एकाच बाजूचं ऐकायचं. पलीकडे कोण आहे देव जाणे."

एक महिना गेला. रेघ जागची हलली नाही. मग एका मंगळवारी मी नेहमीसारखं त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पिशवीत कापूस शोधायला वळले. कापूस सापडेना. मी पलंगापाशी होते, ते खुर्चीत. आमच्यात दोन-तीन पावलांचं अंतर.

"हो," सर म्हणाले.

मी मागे बघितलं. डोळे मिटलेले.

"लागलं. चौथं बोट... आता करंगळी... परत चौथं. आता अंगठा. अहो, लागतंय मला!" त्यांचा आवाज कापरा झाला. "तुमचा हात आज फार गार आहे हो."

मला भीती वाटली असं सांगायला बरं वाटेल, पण वाटली नाही. मी पेन काढलं आणि ते जी जी बोटं सांगत होते त्यांचे आकडे तक्त्यावर लिहीत गेले. चार, पाच, चार, एक, तीन, पाच. दोन ओळी भरल्या. मग ते म्हणाले, "थांबलात का?" मी म्हटलं, "हो." आणि खाली शेरा लिहिला, ‘भासमान संवेदना, अधूनमधून’. असं होतं, तुलाही माहितीये. नसलेला पायसुद्धा खाजतो लोकांना.

निघताना पियानोजवळून गेले. स्वरलिपीचं पहिलं पान उघडं होतं. माझा तक्ता हातातच होता. वरची ओळ, उजव्या हाताची, पेन्सिलीचे आकडे. चार, पाच, चार, एक, तीन, पाच. मी दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. एकही आकडा चुकला नव्हता.

सरांना सांगितलं नाही. पाठ असेल त्यांना, मेंदूच खेळ करत असेल, असं म्हटलं. पण शुक्रवारी रेघ तपासली तेव्हा कळणं आणि न कळणं यांच्यामधली हद्द हलली होती. बोटांकडे नव्हे. कोपराकडे, चार बोटं वर.

पुढच्या मंगळवारी जिन्यात मी दुसऱ्या मजल्यावरच थांबले. वरून दोन्ही हात ऐकू येत होते.

मी धावत वर गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात भाजी चिरायची सुरी, तशीच.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून." त्या हळूच म्हणाल्या. "बरं झालं असं म्हणायचं ना? मला तू सांग. मी काय म्हणू?"

सर डोळे मिटून वाजवत होते. उजवा हात पट्ट्यांवर चालत होता, स्वच्छ, न चुकता. चेहरा मात्र ऐकणाऱ्याचा होता, वाजवणाऱ्याचा नाही. मी शेजारी उभी राहिले आणि जे करायला मला शिकवलंय ते केलं. त्यांच्या उजव्या दंडाखाली, कोपराच्या पुढे, तळवा ठेवला. बोटं हलतात ती इथल्या स्नायूंनी. एक बोट उचललं तरी इथे दोरी ताणल्यासारखं हाताला लागतं.

काही लागलं नाही. तिथलं मांस गार आणि सैल होतं. मनगटातल्या शिरा ढिल्या. पुढे पाच बोटं वेगानं पळत होती, आणि मागे त्यांना ओढणारं काहीच नव्हतं.

"सर... थांबा जरा."

"मी कुठे वाजवतोय?" डोळे न उघडता ते म्हणाले. "मी डावा वाजवतोय. उजवा... तिकडून येतोय. काय सुंदर येतोय हो. मी अकरा वर्षांत असा वाजवला नाही."

तिसऱ्या पानाच्या शेवटी हात आपोआप थांबला आणि मांडीवर पडला. धप्प असा आवाज आला. सरांना तो पडल्याचं कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज थोडं पुढे. आठवड्याला एखादं पान व्हायचं, आणि पान झालं की बधिरपणा वर चढायचा. मी रेघ काढत गेले. कोपर, दंड, खांदा. हातावर मापपट्टीसारख्या खुणा झाल्या. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी मेंदूचे फोटो पुन्हा काढले. म्हणाले, नवीन काही नाही, आणि बोटं हलतायत ना, मग तक्रार कसली? सर जेवत होते, विनोद करत होते, पण कमी. रेघ गळ्यापाशी आली तेव्हा चहा पिताना ओठाचा उजवा कोपरा ओला राहायला लागला. काकू पदरानं पुसायच्या.

दहावं पान झालं त्या दिवशी काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"दोन पानं उरलीत. मी हिशेब केलाय, तूही केला असशील. अकराव्याला छाती ओलांडेल, बाराव्याला काही उरायचं नाही."

"स्वरलिपी लपवून ठेवा."

"ती मी कधीच माळ्यावर टाकलीय. त्यांना लागते कुठे? मी पियानोला कुलूप लावलं, तर लहान मुलासारखे रडले. एकेचाळीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. काढलं मग कुलूप. तू एक कर. बाराव्या पानाला ये, आणि तो हात धर. धरून ठेव. तुझ्या हातात ताकद आहे, माझ्या नाही."

मी म्हटलं, "धरेन."

बारावं पान आलं तो शुक्रवार होता. चार वाजायला आले होते. पडदा बाजूला सारलेला, खोलीत पिवळं, थंड ऊन. तिथे काळोख बिळोख काही नव्हता, हे लक्षात ठेव. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा आवाज येत होता. काकू पलंगावर बसल्या. मी सरांच्या उजव्या बाजूला, गुडघे टेकून.

"डॉक्टरीणबाई," सर म्हणाले. त्यांना माझा बेत ठाऊक असावा. "माणूस आयुष्यभर दारापर्यंत जातो आणि परत येतो. एकदा आत जाऊ द्या की."

"काकूंचं काय?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डावा हात पट्ट्यांवर ठेवला.

अकरा पानं मी ऐकून घेतली. बारावं सुरू झालं तसं ते ओळखू आलं. उजवा हात दोन पट्ट्यांवर थरथरायला लागला आणि वर सरकायला लागला. खोलीत लोखंड तापल्यासारखा वास आला. ऊन होतं तिथेच होतं, पण त्याला धार आली. काकू म्हणाल्या, "आता... आता गं!"

मी दोन्ही हातांनी तो हात धरला.

तो हात सरांचा नव्हता. म्हणजे सरांचा खाली होता, सैल, गार. त्याच्यावर, माझ्या तळव्याच्या आणि त्यांच्या बोटांच्या मधे, आणखी एक हात होता. दिसत नव्हता. पण हात कसा असतो ते मला कळतं गं, मी अठरा वर्षं लोकांचे हात हातात घेतेय. मधल्या बोटाच्या पेरापाशी एक घट्टा होता. नखं आखूड कापलेली. तो जराही जोर करत नव्हता. माझ्या पकडीत त्यानं हळूच कूस बदलली, तळवा माझ्या तळव्याला लावला, आणि माझ्या बोटांच्या टोकांना एकेक करून स्पर्श केला. अंगठा... तर्जनी... मधलं...

आणि मला कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. माझ्या घशाशी हुंदका आला. आई गेली त्या सकाळी जो यायला हवा होता, तो. त्याच्यामागे आणखी किती होतं, कोण जाणे. ते सगळं दाराशी येऊन उभं राहिलं, आणि मला इतकं बरं वाटलं... इतकं बरं वाटलं, की वाटलं, हे थांबू नये. हे पुढे जाऊ दे.

मी हात सोडला.

भिऊन सोडला नाही. दमूनही नाही. काकूंना मी सांगितलं, निसटला. तुला खरं सांगतेय. मी सोडला.

थरथर पट्ट्यांच्या अगदी टोकापर्यंत गेली. शेवटचे सूर इतके वर होते की ते सूर वाटलेच नाहीत, नुसता उजेड वाटला. मग काही नाही. खाली गाडीवाला अजून गाडी मागे घेत होता.

सर मेले नाहीत. काकूंनी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले, तेव्हा त्यांनी सावकाश डोळे उघडले, उजव्या हातानं पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, "झालं." तो हात त्यांचाच होता, स्नायू ताणलेले मला दिसले. माझा हुंदका मात्र तिथेच विरला. परत आला नाही.

पुढच्या मंगळवारी शेवटची तपासणी केली. पकड उत्तम. हालचाल उत्तम. डोळे मिटायला सांगितले, कापूस फिरवला. जिथे जिथे लावला तिथलं त्यांनी अचूक सांगितलं. एकदाही चुकले नाहीत. मग मी पायाच्या अंगठ्याला, मानेला, गालाला लावून पाहिलं. तेही बरोबर.

"म्हणजे सगळीकडे लागतंय तुम्हाला," मी म्हटलं.

"लागत नाही," ते प्रसन्नपणे म्हणाले. "कळतं."

"कसं कळतं?"

त्यांनी फक्त मान किंचित उजवीकडे केली. शेजारी कुणी हळू बोलत असेल तर आपण करतो, तशी. त्या तपासणीच्या तक्त्यात ‘लागत नाही, पण कळतं’ असं लिहायला रकाना नाही. मी ‘संपूर्ण सुधारणा’ लिहिलं आणि सही केली.

काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काल उकळत्या चहाचा पेला धरून बसले होते. तळव्याला फोड आले. मी ओरडले, तर म्हणाले, ‘हो का?’ मी त्यांचा हात धरते ना, तर माझ्याकडे बघून हसतात. सभ्य माणूस अनोळखी बाईकडे बघून हसतो, तसे." त्या रडत नव्हत्या. मीही नाही. आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो, बस.

सरांनी पुन्हा पियानोला हात लावला नाही. विचारलं तर म्हणतात, "ते झालं की." काकूंनी ती खोली बंद करून टाकली. किल्ली त्यांच्या कमरेला असते.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. सहा-सात महिन्यांनी. आवाज तसाच, मोजूनमापून.

"त्या खोलीचं कुलूप मी फक्त सकाळी काढते, धूळ पुसायला," त्या म्हणाल्या. "पियानोचं झाकण काळं आहे, चटकन दिसते त्यावर. पुसून पुन्हा कुलूप लावते. तरी रोज सकाळी झाकणावर पंजांचे ठसे असतात. शेजारी शेजारी. दोन."

"सरांचेच असतील काकू."

"दोन्ही उजव्या हाताचे आहेत."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"त्याची सवय झाली मला. माणसाला कशाचीही होते. त्यासाठी नाही केला फोन." पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. "आज तीन होते. तिसरा लहान आहे, बाईमाणसाचा."

"काकू..."

"तू आली होतीस का गं?"